वीराभोवती रचलेल्या गोवऱ्या

मी मुळातच संशयी. घोडेगावच्या बाजारात सासरे बैलाचे दात बघत, तेव्हा मी विकणाऱ्याचे डोळे बघायची. त्यात बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, रानात ज्वारीची नुसती धसकटं आणि सगळं गाव खडी फोडायच्या कामावर. पुढं पाझर तलाव होणार, असं ऐकलं होतं. कुणाचं रान जाणार ते ठरायचं होतं, म्हणून हातात टेप दिसला की माणूस वैरीच वाटायचा.

असाच एक जण सोनईच्या एस्टीनं उतरून आमच्या वस्तीवर आला. चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत टेप.

"वहिनी, इथं लढाई कोरलेला जुना दगड आहे म्हणतात. मोजून चित्र काढतो. तलाठ्याकडं यादी द्यायचीय."

दगड होता. घरामागच्या बांधावर, कमरेएवढा. ढाल-तलवार घेतलेला गडी, पायाशी गाई. आम्ही त्याला वीर म्हणायचो. दर अमावास्येला मीच त्याला तेल घालायची. पण आज दगड मोजणारा उद्या रान मोजेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याला तांब्याभर पाणी देऊन पडवीत बसवलं आणि मागच्या दारानं जाऊन वीराभोवती चार पाट्या गोवऱ्या रचल्या.

"तसला दगूड हितं न्हाई, भाऊ. लोकं कायबी सांगत्यात."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, पाण्याबद्दल दोनदा आभार मानले नि गेला बिचारा. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बेस केलंस पोरी." आठवडाभर मी तोऱ्यात होते.

उन्हाळ्यात खरे मोजणीवाले आले. तलावाची आखणी थेट आमच्या रानातून. सासऱ्यांनी हात जोडले. "सायेब, आमचा वीर हाय हितं. लई पिढ्यांचा."

"देवस्थान असेल तर सरकवू की आखणी," साहेब म्हणाला.

मी धावत जाऊन गोवऱ्या बाजूला केल्या. साहेबानं दगड पाहिला, मग तलाठ्याकडची यादी काढली. "तुमच्या गावापुढं 'दगड नाही' असं लिहिलंय. आता बरा उगवला? जमीन वाचवायला लोक रातोरात देव बसवतात, मला नका शिकवू."

"म्याच खोटं बोलले हुते, सायेब."

"खोटं तर आत्ता बोलताय," तो हसून म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे माझ्याकडे बघत नव्हते. शिपायानं आमच्या रानात पहिली खुंटी ठोकली.