अर्ध्या किलोमीटरचे दगड

मी जन्माचा संशयी. भाजीवाल्याने एक टोमॅटो जास्त टाकला तरी आधी तो उलटून बघणार, सडका असेल म्हणून. आई म्हणायची, तुझ्या लग्नात तू बायकोच्या आधी भटजीची चौकशी करशील. केली होती, पण ते सोडा. सांगायचं आहे ते माझ्या धावण्याचं.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं. आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो होतो. डांबरी रस्ते तयार, दिव्याचे खांब उभे, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या जागी नुसतं गवत. रस्ता कुठे जातो म्हणून बघायला जावं तर तो खाडीच्या अलीकडे अचानक संपायचा. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. धावायला यापेक्षा चांगली जागा मुंबईत कुणाला मिळाली नसती.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी स्टोअरला टेम्पररी होतो. आमच्या मोठ्या साहेबांना खेळांचं वेड. दर डिसेंबरात आसपासच्या कारखान्यांची दहा किलोमीटरची शर्यत व्हायची. त्या वर्षी जानेवारीतच साहेबांनी जाहीर केलं की टेम्पररीपैकी जो आपल्या टीममध्ये पहिला येईल त्याला परमनंट करणार. टेम्पररीत धावणारे आम्ही दोघंच. मी, आणि पॅकिंगमधला एक जण. तो मराठवाड्यातला, माझ्याच वयाचा. डबा आम्ही एकत्र खायचो, त्याच्या बायकोच्या हातचा ठेचा मीच जास्त संपवायचो. पण परमनंटची जागा एक होती. त्याचा दमसास माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला आणि त्यालाही ठाऊक होतं.

मग मी वर्षाचा प्लॅन केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, ठसठशीत अक्षरात. जानेवारी – नाका ते मिठागर. मार्च – मिठागर ओलांडून देऊळ. जून – देऊळ ते खाडीचा बांध. ऑक्टोबर – गावाला पूर्ण वळसा. डिसेंबर – फायनल. मधल्या छोट्या शर्यतीही लिहिल्या: सव्वीस जानेवारीची शाळेच्या मैदानावरची, एक मेची कामगारांची, पंधरा ऑगस्टची. घरच्यांवरही विश्वास नव्हता, म्हणून पानाची घडी कायम खिशात.

अंतर अंदाजाने धरणं मला जमणारं नव्हतं. स्टोअरमधून तीस मीटरचा टेप आणि लाल ऑइल पेंटचा डबा शनिवारी घरी आणला. रविवारी सकाळी नाक्यापासून मोजत निघालो. दर अर्ध्या किलोमीटरला एक मोठा दगड ठेवला, त्यावर लाल रंगात आकडा घातला. एक, दोन, तीन. रस्ता संपला तशी पायवाट धरली आणि सारसोळे गावाच्या कडेकडेने दगड मांडत गेलो. गावातली माणसं बघत होती. कुणी काही विचारलं नाही. मला बरं वाटलं, उगाच चौकशा नकोत.

मार्चमध्ये होळीच्या दिवशी सकाळी चौथ्या दगडापासून पाचव्यापर्यंत मी एक मिनिट चाळीस सेकंदांत पोहोचलो. एरवी दोन मिनिटं दहा सेकंद लागायचे. घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू होतं. पुढच्या टप्प्याला खूप जास्त वेळ लागला, पण तो आधीच्या वेगाने दमलो म्हणून, अशी मी माझी समजूत घातली. स्वतःबद्दल चांगलं काही असलं की संशयी माणूसही लगेच विश्वास ठेवतो. कॅन्टीनमध्ये मी ते सगळ्यांना सांगितलं. वर हेही म्हणालो, आता डिसेंबरची वाट कशाला बघायची? सगळे हसले.

रविवारी टेप घेऊन गेलो तर पाचवा दगड एकशेवीस मीटर अलीकडे सरकवलेला. दुसरा उलटा केलेला, आकडा जमिनीकडे.

मनात पाल चुकचुकली. यात कुणाचा फायदा? मी फसव्या आकड्यांवर खूश राहणार, सराव ढिला पडणार, आणि डिसेंबरात कोण पुढे निघणार? कॅन्टीनमध्ये सगळ्यात जास्त कोण हसलं होतं? सोमवारी मुद्दाम पॅकिंगवाल्याच्या हातांकडे बघितलं. नखांत लाल रंग. पॅकिंगमध्ये खोक्यांवर दिवसभर लाल रंगातच नावं मारतात, हे मला काय माहीत नव्हतं? रंगाचे डबे मीच तर देत होतो. पण संशयाला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं.

मी सरळ पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. सांगितलं, पॅकिंगवाला माझ्या सरावात घाण करतोय. ते साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांना कटकट नको होती. त्यांनी टीमच्या यादीतून त्याचं नाव कापलं आणि म्हणाले, चला, वादच मिटला.

दुपारी तो डबा न उघडता माझ्यासमोर बसला. म्हणाला, "तू बघितलंस का मला, दगड हलवताना?"

"बघायला कशाला पाहिजे?" मी म्हणालो.

तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. मी माझी पोळी संपवली. खरं सांगतो, त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. आपण कसं वेळेत पकडलं, याचाच आनंद होता.

गंमत म्हणजे त्याचं नाव कापल्यावरही दगड हलत राहिले. कधी आकडा खरवडलेला, कधी दगडच गायब. कोणत्याही शहाण्या माणसाला तेव्हाच कळलं असतं. मी म्हटलं, बघा, आता खुन्नस काढतोय. भर पावसात मी दोनदा अंतर नव्याने मोजलं. त्याच्याशी बोलणं तर बंदच होतं.

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी मी देवळापाशी टेप ताणत होतो, तेव्हा चार-पाच माणसांनी मला घेरलं. पुढे एक म्हातारा, खांद्यावर जाळं.

"कुनाचा मानूस हायस?" तो म्हणाला. "आमच्या गावान काय मोजतंस?"

"कुणाचा नाही. मी धावतो."

"धावायला टेप कशाला लागतंय?"

एकाने माझ्या खिशातलं पान ओढून काढलं. म्हाताऱ्याची शिकलेली सून पुढे आली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. जानेवारी, नाका ते मिठागर. मार्च, मिठागर ओलांडून देऊळ. जून, देऊळ ते बांध. ऑक्टोबर, गावाला पूर्ण वळसा. डिसेंबर, फायनल.

मी तेच पान नऊ महिने वाचत होतो, पण त्यांच्या कानांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

"म्हंजे डिसेंबरान गाव संपला," म्हातारा म्हणाला.

त्या गावांना अशा खुणा वाचायची सवयच लागली होती. आधी टेपवाले येतात, मग आकड्यांचे दगड, मग नोटीस, आणि एक दिवस शेतात डंपर उभा. नव्या शहरासाठी त्यांची भातशेती तशीच गेली होती. आता राहत्या घरांची पाळी, असं त्यांनी धरलं होतं. मी शपथा घेतल्या, कारखान्याचा पास दाखवला. काही उपयोग नाही. शेवटी सून म्हणाली, "धावतो तर धावून दाखवू दे."

तेव्हा मी पायजमा वर खोचून बांधापर्यंत धावलो आणि परत आलो. सगळा गाव ओट्यांवर बसून बघत होता. एवढं जीव खाऊन मी कुठल्या शर्यतीत धावलो नव्हतो. म्हाताऱ्याने मान हलवली. "बरा धावतंस," म्हणाला, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

चहा पिताना मी विचारलं, दगड कोण हलवत होतं?

"आमी सगलेच. पयला मीच हलवला. पाचवा. होलीच्या आदल्या दिसाला."

म्हणजे माझ्या एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आदला दिवस. मी कप खाली ठेवला.

घरी येताना ठरवलं, सोमवारी पर्सोनेलच्या साहेबांना सगळं सांगायचं. टीमची नावं पाठवायला अजून पंधरा दिवस होते. सोमवारी सांगितलं नाही. साहेब कामात होते, असं मी स्वतःला म्हणालो. मंगळवारी साहेब रिकामे बसले होते. मी दारापर्यंत गेलो आणि वळलो. पॅकिंगवाला टीममध्ये आला तर माझ्या पुढेच राहणार होता, यात शंका नव्हती. आयुष्यात ज्या एका गोष्टीबद्दल मला काडीचा संशय नव्हता, ती ही.

डिसेंबरात मी एकूण अकरावा आलो. टेम्पररीत मी एकटाच होतो, तेव्हा पहिलाही मीच. जानेवारीत परमनंटचं पत्र हातात पडलं. आईने पेढे वाटले.

मार्चमध्ये कारखान्याने टेम्पररी कमी केले, त्यात त्याचं नाव होतं. शेवटच्या दिवशी हातमोजे आणि बूट जमा करायला तो स्टोअरच्या खिडकीवर आला. पावतीवर सही माझीच लागायची.

"काय रे," तो म्हणाला, "ते दगड हलवणारं कोण होतं, कळलं का शेवटी?"

मी पावतीवरून मान वर केली नाही.

"नाही," म्हणालो.

"मग अजून तुला मीच वाटत असेन," तो म्हणाला.

यावर मी काहीतरी बोलेन म्हणून तो उभा होता. मी पावती फाडून त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि तो गेला. मला लाज वाटली, पण लाजेच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. तो क्रम मी अजून कुणाला सांगितलेला नाही.