साठ किलोचं पोतं

त्या पोत्याचं वजन मी आजवर ऐंशी किलो सांगितलंय, शंभरही सांगितलंय, आणि एकदा वडगावला एसटीची वाट बघताना एका अनोळखी माणसाला सव्वाशे. होतं ते साठ किलोचं. इंद्रायणी भाताचं, सुतळीनं तोंड शिवलेलं साधं पोतं.

आमच्या वडिवळ्यात भात गिरणीला न्यायचं, तर टेम्पोत पोती चढवायला शेजारच्या आबांना बोलवायचे. आबा साठी उलटलेले, अंगानं काडी. मी नवलाख उंबऱ्याला कारखान्यात, वर जिमला जाणारा. दंड असे, की टेलर मला बघून रजेवर जायचा. तरी पोतं उचलायचं म्हटलं की गाव हाक मारी ती आबांनाच. हे मला लागायचं. आता कबूल करायला हरकत नाही.

आबांची एक रीत होती. दोघांनी पोत्याची दोन्ही टोकं धरायची, पण 'एक, दोन, तीन' म्हणायचं नाही. मोजण्यातच निम्मा दम तोंडावाटे जातो, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्यात वाकायचं, नाकानं श्वास ओढून पोटात भरायचा, इतका की कमरेचा करगोटा काचला पाहिजे. मग समोरच्याचा श्वास ऐकायचा. दोघांचेही थांबले, की उचल. पोतं टेम्पोच्या फळीवर टेकलं की "हुंऽ" करून सोडायचा. मधे अवाक्षर नाही.

"दम पोटात असंल तर कंबर खांबावानी ऱ्हाती," आबा म्हणायचे. "तोंड उघाडलं की खांब मोडला."

मला दोन क्षण गप्प बसायला सांगणं म्हणजे पावसाळ्यात भुशी डॅमला वाहू नको म्हणण्यासारखं. गेल्या सुगीत एका सकाळी आम्ही दोघांनी बावीस पोती चढवली. (सांगताना मी चाळीस सांगतो.) खळ्यावर सात-आठ जण बघत होते. तेविसाव्याला वाकलो, श्वास भरला, आणि त्या सात-आठ जणांना हसवायची खुमखुमी आली. पोतं जमिनीवरून सुटतंय तोच मी म्हणालो, "आबा, एवढी झाली की टेम्पोपण उचलून टाकू."

लोक हसले. पण बोलण्यात पोटातली हवा गेली, कंबर सैल पडली आणि माझ्याकडचं टोक हातातून निसटलं. सगळा भार आबांवर गेला. त्यांनी सोडला असता तर पोतं माझ्या पायावर आलं असतं. त्यांनी सोडला नाही, पोतं बाजूला ओढलं. मग कमरेला हात लावून हळूच खाली बसले.

"काय झालं रं?" कुणीतरी विचारलं.

माझ्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं, मला अजून कळत नाही. नाही, कळतं. मी म्हणालो, "आबांचा दम सुटला. वय झालं आता."

आबांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. दुखत असेल म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो.

महिन्याभरात त्यांची कंबर बरी झाली. पण तोवर मी ती गोष्ट कामशेतच्या टपरीपासून कंपनीच्या बसपर्यंत रंगवून सांगितली होती. दर खेपेला पोतं जड होत गेलं आणि आबा म्हातारे. यंदाच्या सुगीला त्यांना पोती उचलायला कुणी बोलावलं नाही. खळ्यावर दाभण घेऊन ते पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. जरा उठायला लागले, की कुणीतरी म्हणे, "तुमी बसा आबा. दम न्हाई ऱ्हायला आता."

माझेच शब्द. मला राहवेना. सगळ्यांसमोर म्हणालो, "दम माझा सुटलता. मी मधीच बोललो. पोतं माझ्या हातनं निसटलं."

चुलतभाऊ हसायला लागला. "घ्या, ह्याची नवीन चालू झाली. वजन किती होतं रं, दीडशे?"

"साठ."

त्यावर तर सगळं खळं हसलं.

मी पोत्याचं एक टोक धरलं आणि आबांना म्हणालो, "आबा, या. एकच उचलू."

"न्हाई गड्या," ते माझ्यापुरत्या आवाजात म्हणाले. "आता जरा जरी हात हालला, तर तू सांगितलेलं खरं ठरंल."

त्यांनी सुतळी ओढून टाका घट्ट केला. दुसरं टोक चुलतभावानं धरलं आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागला. मी तोंड मिटून पोटात श्वास भरला, आबांनी शिकवला तसा. पोतं सहज वर गेलं.