वॉलची मेंबरशिप वाढवायची का

तुमचा मेसेज मिळाला. आजोबांच्या त्या चढायच्या वॉलची मेंबरशिप संपत आली आहे, ती पुढे वाढवायची का, आणि ठरवायला सोपं जावं म्हणून फायदे-तोटे कळव, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. धाकट्याने तर फायदे डावीकडे आणि तोटे उजवीकडे लिही, असंही सुचवलं. मला ते आवडलं. ऑफिसात मी आयुष्यभर अशीच टिपणं टाइप केली. साहेब वाचायचे, सही करायचे, विषय संपायचा. हे टिपण मात्र दोन बाजूंत बसेना, म्हणून सलग लिहिते. आणि मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की मी लगेच ऑफिसातली होते आणि काहीच खरं सांगत नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, आजोबा कायम शेजारी असतात. आत्ता ते आंघोळीला गेलेत. बाहेर येऊन शर्टाची बटणं लावून होईपर्यंत माझ्याकडे पुष्कळ वेळ आहे. हल्ली बटणांना मी हात लावलेला त्यांना चालत नाही.

सुरुवात तुमच्यापासून झाली. तुम्ही नाताळच्या सुट्टीत मीरा रोडला आला होतात, चार दिवसांत कंटाळलात आणि मोठीने फोनवर शोधून ही जागा काढली: काशीगावच्या बाजूला, पूर्वी स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता तो उंच पत्र्याचा गाळा. आत भिंतीच भिंती, आणि त्यांवर धरून चढायला रंगीत खुंट्या. त्यांना होल्ड म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मला तर ते आल्याचे मोठमोठे गड्डेच वाटले. आम्ही दोघं तुमच्या चपला सांभाळायला बाकावर बसलो होतो.

त्याच्या थोडंच आधी डॉक्टरांनी आजोबांना कंपवात सांगितला होता. उजवा हात थरथरायचा. ज्या हाताने त्यांनी कंपनीत मशीनचे आराखडे काढले, पट्टी न लावता सरळ रेघ मारली, त्या हाताने चहाचा कप बशीत ठेवताना खणखण आवाज यायचा, म्हणून ते बशी घ्यायचेच बंद झाले होते. त्या दिवशी तुम्ही आग्रह केलात, "आजोबा, एकदाच." ते उठले, आणि मला वाटलं की आता हसं होणार. त्यांनी एक पिवळा होल्ड धरला. हात थांबला. तुम्हीही पाहिलंत. ते स्वतः हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

परत गेल्यावर तुम्ही आम्हा दोघांना मेंबरशिप भेट दिलीत. दोघांना देणं भागच होतं, कारण तिथे एकट्याने दोरावर चढता येत नाही. जो चढतो त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला असतो, तो वरच्या कडीतून खाली येतो आणि खाली कुणीतरी तो धरून उभं राहतं. चढणारा सुटला की खालच्याने धरायचं. आजोबा चढणार आणि मी धरणार. मी त्यांच्यापेक्षा बरीच हलकी, म्हणून मला जमिनीवरच्या वाळूच्या पोत्याला पट्ट्याने अडकवत. पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले, "लग्नात असं बांधलं असतं तर माहेरी पळाली नसतीस." मी म्हटलं, "पळाले कुठे? डोहाळजेवणाला गेले होते!" तिथली मुलं हसली. त्यांना मराठी कळत होतं की नव्हतं, कोण जाणे.

तर फायदे. ते खूप आहेत, आणि मी ते कमी करून सांगणार नाही.

आठवड्यातून दोन सकाळी त्या भिंतीवर ते पेशंट नव्हते. सोसायटीत, बाजारात, नातेवाइकांत सगळे आधी हाताकडे बघतात आणि मग तोंडाकडे. तिथे सगळ्यांचेच हात खडूच्या पुडीने पांढरे असायचे, सगळ्यांचेच दमून थरथरायचे. कुणी तरी "अंकल, लेफ्ट फूट ऊपर!" म्हणून ओरडायचं आणि ते डावा पाय वर घ्यायचे. घरी मी डावा म्हटलं की उजवा घेतात. खाली आले की एखाद्या आयटीतल्या मुलाशी बसून कुठला होल्ड आधी धरायला हवा होता यावर वाद घालायचे, कागदावर भिंत काढून दाखवायचे. रेघ वाकडी यायची, पण काढायचे. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचे आणि दुपारी शांत झोपायचे. मलाही बरं होतं. दोर धरला की मला काही विचार करता यायचा नाही, वर बघायचं आणि दोर ओढत राहायचं, बस.

तिथली कोच मुलगी जवळच्याच खारी गावची. गावातलं जुनं घर अजून आहे, भोवती इमारती उभ्या राहिल्या तरी. तिचे आजोबा मिठागरात होते. मेंबरांशी ती हिंदी बोलते, आमच्याशी तिची घरची भाषा. "काका, घाई कराची न्हाय, भिंत कुठं पळून जात न्हाय." आजोबा तिचं ऐकायचे. डॉक्टरांचंही इतकं ऐकत नाहीत.

लहानसहान तोटे तर पहिल्या दिवसापासून होते. बूट एक नंबर लहान घालावे लागतात, पायाची बोटं दिवसभर ठणकतात. गाणी इतकी मोठ्याने लावतात की वरून मारलेली हाक खाली येत नाही. खडूने मला खोकला होतो. रिक्षावाला हायवेच्या अलीकडेच सोडतो. याचं मला काहीच नाही. खरा तोटा हा की त्या जागेने मला आशा लावली. मला वाटायला लागलं की आजार तिथेच, त्या पिवळ्या होल्डपाशी थांबलाय. मी तुम्हाला फोनवर तसं सांगायचेही. डॉक्टरांनी एकदा हळूच सांगितलं होतं की व्यायामाने बरं वाटेल, पण आजार आपल्या वाटेने जाईल. मी पहिला अर्धा भाग ऐकला.

गणपतीनंतर गाठ बिघडायला लागली. तिथला नियम असा: आपल्या पट्ट्याची गाठ आपण बांधायची, जोडीदाराने बोट लावून तपासायची, मगच पाय भिंतीवर. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ असते ती. आजोबांची गाठ बघायला कोच इतर मेंबरांना बोलवायची, इतक्या त्या गाठीतल्या दोन्ही दोऱ्या समांतर असायच्या. आता त्या एकमेकींवर चढायला लागल्या. मी म्हणायचे, "एकदा परत बांधा ना."

"तुला चष्मा बदलायला झालाय."

"बदलीन. तोवर परत बांधा."

मग एक दिवस त्यांनी दोर पट्ट्याच्या मजबूत फासात न बांधता बाजूच्या बारीक फासात बांधला. त्या फासात फक्त खडूची पिशवी अडकवतात, माणसाचं वजन तो पेलत नाही. आसपास सगळी पोरं उभी होती. पाहुण्यांकडे जाताना जिन्यात थांबून मी त्यांची चुकलेली बटणं नीट करायचे, तशी त्यांच्यासमोर अगदी जवळ उभी राहिले, तपासते आहे असं दाखवत गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ते माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. त्यानंतर दर वेळी मीच बांधत गेले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आमच्या पिढीत नवऱ्याची चूक चारचौघांत दाखवत नाहीत, गुपचूप निस्तरतात. घरात ते चालून जातं.

गेल्या महिन्यात ते वर अडकले. चढणं सगळं झालं, अगदी टोकाला हात लागला. खाली यायचं तर दोन्ही हात सोडून दोरावर मागे बसायचं असतं, मग मी सावकाश खाली सोडते.

"अहो, बसा आता."

"बसतोय."

बसेनात.

"हात सोडा."

"सोडतोय ना!"

ते खरंच सोडत होते. हात सुटत नव्हता. गोळीचा असर उतरला की कधीकधी पाय जमिनीला चिकटतात, तसा तो त्या होल्डला चिकटला होता. माझ्या हातात दोर होता आणि दोरावर काहीच वजन नव्हतं. खालून मला फक्त पडणाऱ्याला धरता येतं. न पडणाऱ्यासाठी मला काहीही करता येत नव्हतं. गाणं कुणीतरी बंद केलं. मग मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"काकी, दोर तसाच धरून ठेवा, मी जातेय वर," म्हणत कोच शेजारच्या दोरावरून चढली आणि त्यांची बोटं एकेक करून उघडली. "सोरा काका, मी हाय ना. ह्ये पण सोरा." दोरावर त्यांचं वजन आलं तेव्हा मी रडत होते, पण दोर नीट सोडला.

पाय खाली लागले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वेल डन अंकल!" आजोबांनी सगळ्यांना थँक यू म्हटलं, बाकावर बसले, बूट काढले. रिक्षात म्हणाले, "टाळ्या कशाला वाजवल्या?"

"कौतुकाने."

"कौतुक वर जाणाऱ्याचं करतात. मी खाली आलो होतो."

पुढच्या खेपेला कोचने मला बाजूला घेतलं. गाठीचं तिला आधीपासून दिसत होतं. "काकी, असा चालाचा न्हाय. ज्याची गाठ त्यानंच बांदाची." मेंबरशिप वाढवताना प्रत्येकाची परीक्षा असते: चढणाऱ्याने गाठ बांधून दाखवायची आणि धरणाऱ्याने पडणाऱ्याला धरून दाखवायचं. ती म्हणाली, काका पास झाले तर मी त्यांना अडवणार नाही, गोळीची वेळ सांभाळून या.

आजोबांनी कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा कापून घेतला. रोज दुपारी खिडकीच्या ग्रिलला गाठ बांधायचे, सोडायचे. "बघ गं." मी बघायचे. कधी बरोबर असायची, कधी अर्ध्यावरच राहायची आणि ते दोरीचं टोक हातात धरून नुसते उभे असायचे. आणि मी, बाळांनो, मनात म्हणायचे की परीक्षेत ती जमू नये. जमली तर ते पुन्हा वर जाणार. नाही जमली तर त्यांच्या आठवड्यात डॉक्टर आणि मी, एवढंच उरणार. यातलं काय मागावं ते मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

काल आम्ही गेलो. आजोबांनी पट्टा चढवला, दोर घेतला. खूप वेळ लागला. मी पाठीमागे हात बांधून उभी होते. कोचने घाई केली नाही. शेवटी त्यांनी हात बाजूला केले. दोन्ही दोऱ्या समांतर होत्या, पूर्वीसारख्या. तिने बोट फिरवलं, ओढून पाहिलं. "बराबर हाय, काका." त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"आता काकी तुमी. मी थोडी वर जाऊन एकदम हात सोडते, तुमी धराचा."

ते मला येतं. डोळे मिटूनही येतं. मी दोर हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हटलं, "मला नाही जमणार. खांदा दुखतोय."

कोच माझ्याकडे बघत राहिली. माझ्या खांद्याला काही झालेलं नाही, हे त्या गाळ्यात दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं दुसरं माणूस पट्टा घालून, गाठ बांधून माझ्यासमोर उभं होतं. मला वाटलं की आता ते चिडतील, चारचौघांत मला खोटं पाडतील. मला ते चाललं असतं.

आजोबा अगदी शांतपणे कोचला म्हणाले, "हल्ली दुखतो तिचा खांदा. रात्री झोप लागत नाही तिला. आपण तिला त्रास नको द्यायला." मग ते स्वतःच गाठ सोडायला लागले. ती घट्ट बसली होती, सुटेना. कोच पुढे झाली तर म्हणाले, "राहू दे, मी करतो." आम्ही दोघी थांबलो.

मेंबरशिप वाढवू नका. तुमचे पैसे वाया गेले असं मनात आणू नका, आणि त्यांना गाठ जमली नाही असं कुणालाही सांगू नका. त्यांना जमली होती. नाही म्हणाले ती मी. दुसरा जोडीदार मिळेल का, असंही विचारू नका. ते दुसऱ्या कुणाच्या दोरावर चढणार नाहीत, आणि तेवढं मला आधीच माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून मलमाची ट्यूब काढली. झाकण फिरवायला वेळ लागला, मी मदत केली नाही. खुर्चीमागे उभे राहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चोळायला लागले.

"इथे दुखतं?"

मी म्हटलं, "थोडं वर."