भरमूचा डावा हात

आमची कंपनी तेव्हा बेळगावात होती. मी कंपनी हवालदार मेजर. जवान मला नुसतंच मेजर म्हणत. आजारी म्हणून सिक रिपोर्टला जाणारा माणूस मला डोळ्यासमोर नको असे. दौडीच्या टेस्टच्या दिवशीच सगळ्यांचं कसं दुखतं, हे मी वीस वर्षं पाहत आलो होतो.

नायक भरमू निपाणीजवळच्या खेड्यातला. सदतीस वर्षांचा, काटक. घरची तंबाखू कायम गालात. त्या दिवशी सकाळी पाच चाळीसला, पाच किलोमीटरच्या दौडीआधी, तो पुढे आला.

"मेजर, जबडा लई दुखतोय. डावा हातबी जड झालाय."

"तंबाखू थुंक. दाताचा डॉक्टर गुरुवारी येतो."

"व्हय, मेजर."

सहा वाजून दोन मिनिटांनी पिरनवाडीच्या रस्त्यावर तो खाली बसला.

"ऊठ. नाटक बंद."

तो आडवा झाला. मी वॉकीटॉकी उचलला. "एक जवान पडलाय. ॲम्ब्युलन्स पाठवा." गाडी नऊ मिनिटांत आली. तोवर तो गेला होता.

पोस्टमॉर्टेमनंतर मेडिकल ऑफिसरने, एका तरुण कॅप्टनने, मला बोलावलं.

"रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी शरीराचे संत्री, म्हणजे पहारेकरी असतात," तो म्हणाला. "धमनीच्या भिंतीत चरबी साचली, की त्या आत घुसून ती गिळतात. गिळून फुगतात, तिथेच मरतात. मग आणखी येतात. सूज वाढते, वरचा पापुद्रा पातळ होऊन फुटतो. तिथे गुठळी धरली, की धमनी बंद."

"म्हणजे आपल्याच संत्र्यांनी मारलं?"

"त्या आपलं काम करत होत्या. जबडा, हात, ही हृदयाची खबर असते, मेजर. बावीस मिनिटं हातात होती."

मला त्याचा भयंकर राग आला. काम चोख करतो म्हणून माझंही नाव होतं.

तेराव्याला मी भरमूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ती नवऱ्यावरच चिडली होती.

"सांगायला तोंड न्हवतं व्हय त्येंना? सगळं अंगावर काढायचं."

गप्प बसलो असतो, तर खपून गेलं असतं.

"वहिनी, त्यानं सांगितलं होतं. तरी मीच त्याला दौडीत पळवला."

तिने तांब्या उचलला आणि आत नेला. परत बाहेर आली नाही.

आता निवृत्तीनंतर शाळा मला शौर्याच्या गोष्टी सांगायला बोलावतात. भरमू गोळीने गेला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या स्मारकाच्या दगडावर नाही. मी पहिलं त्याचंच नाव घेतो. नायक भरमू. त्याने वेळेवर रिपोर्ट दिला होता.