बेचक्यातलं सिमेंट

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोर्टाच्या नक्कल विभागात अख्खी नोकरी काढली, ती मूळ कागदातली एखादी ओळ सुटली तर काय होईल या धास्तीत. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता धास्ती संपली. ती कागदांवरून उठली आणि आमच्या परसातल्या जांभळावर जाऊन बसली.

बालाघाटच्या आमच्या घरामागे हे जांभूळ आहे. माणसाच्या डोक्याच्या थोडं वर त्याला बेचकं फुटलंय. तिथून एक मोठी फांदी रस्त्याकडे गेली, दुसरी घराकडे. घराकडची फांदी आईच्या खोलीच्या छपरावरच्या टिनांवर पसरली होती, आणि आई मांडीचं हाड मोडल्यापासून त्याच खोलीत पडून होती. पुढच्या खोलीत हलवतो म्हटलं तर तिथून परस दिसत नाही म्हणून ती ऐकेना. मे महिन्यात दुपारचं वादळ सुटलं की फांदी टिनांवर खरखर घासायची. मी हातातला कप तसाच ठेवून आईच्या खाटेपाशी जाऊन उभा राहायचो.

"काहून रे इतका भेतो?" आई म्हणायची. "तू काय फांदी झेलणार आहेस का?"

झाड तोडू द्यायला ती तयार नव्हती. घराकडची फांदी शेंड्याकडून हलकी करून घ्यायची, एवढंच ठरलं. पण करणार कोण? जांभळाची फांदी वाकून सांगत नाही, एकदम तुटते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं झाड पाहिलं आणि म्हणाला, बुडापासून तोडायचं असेल तर बोलवा. दुसऱ्यानं येतो म्हणून सांगितलं आणि मग फोन उचलणंच सोडलं. मृग जवळ आला होता.

शेवटी किरनापुरकडचं एक जोडपं आलं. नवरा पन्नाशीचा, काटकुळा, वर चढणारा. बायको खाली दोर धरणारी. नवऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर वरच्या जाड फांदीवरून खाली यायचा, आणि ती त्याला शेजारच्या कडुनिंबाच्या खोडाभोवती एक वेढा देऊन दोन्ही हातांत धरायची. पंचवीस वर्षं त्याचा दोर दुसऱ्या कोणी धरलेला नाही, असं तिनंच सांगितलं. ती वर पाहत नसे. मी कारण विचारलं, तर म्हणाली की वर पाह्यलं की जीव घाबरतो अन् हात ढिले पडतात. तो काय करून राह्यला ते दोरच सांगतो. बोलणंही बंद. खालून हाक आली की वरचा माणूस वळून पाहतो आणि तोल जातो. दोर दोनदा ओढला तर थांब, तीनदा ओढला तर उतर.

आम्ही आईला खाटेसकट पुढच्या खोलीत नेलं. त्यासाठी तिनं माझा बराच उद्धार केला.

चढण्याआधी त्या माणसानं झाड ठोकून पाहिलं. हातभर कुऱ्हाड उलटी धरून बुडापासून वर, बोटा-बोटाच्या अंतरानं. ठोकायचं, कान लावायचा, पुढं सरकायचं. पोकळ लाकूड बद्द वाजतं आणि भरीव ठक्क. तो बेचक्यापाशी आला तेव्हा मी तीन हातांवर चहा घेऊन उभा होतो. त्यानं तिथं दोनदा ठोकलं. दोन्ही वेळा ठक्क आवाज आला. "बेचकं पक्कं आहे," तो म्हणाला, आणि माझ्या हातून चहा घेतला.

ते पक्कं वाजणारच होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच जागी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. पावसाचं पाणी साचायचं, मुंगळे निघायचे. घराचं प्लास्टर करायला आलेला मिस्त्री म्हणाला होता, दातात भरतात तसं भरून टाकू. मी हौ म्हटलं. त्यानं सिमेंट ठासलं, मी वरून गेरू फासला, आणि मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. तीन वर्षांत साल दोन्हीकडून वाढत आली आणि तिनं सिमेंट जवळजवळ झाकून टाकलं. ठाऊक होतं ते मला एकट्याला.

त्या क्षणी मी का बोललो नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं आहे. उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे. हाही निघून जाईल, अशी भीती वाटली. मनात म्हटलं, एवढासा तर खड्डा होता, भरला आहे, विषय संपला. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदातली ओळ सुटू दिली नाही, आणि इथं स्वतःची ओळ गिळून बसलो.

तो चढला. घराकडचीच फांदी अधिक जाड, म्हणून कमरेचा दोरही त्यानं त्याच फांदीच्या वरच्या भागावरून टाकला. म्हणजे ती बेचक्यातून निसटली असती तर दोर आणि माणूस दोन्ही तिच्याबरोबर खाली आले असते. हे मला तो टिनांच्या वर पोचल्यावर कळलं. मी बेचक्याकडे पाहायला लागलो, आणि मग दुसरीकडे पाहणं मला जमेना.

तो शेंड्याकडे सरकला तशी गेरूवर एक रेघ उमटली. केसाएवढी. मग तिच्यातून मुंगळे बाहेर पडू लागले, पांढरी अंडी तोंडात धरून, घाईघाईनं. बोललो तर तो वळून पाहील, नाही बोललो तर फांदी जाईल. मी पाय न वाजवता त्या बाईजवळ गेलो.

"बाई, बेचकं आतून पोकळ आहे," मी हळूच म्हटलं. "मी सिमेंट भरलं होतं."

तिनं मान वळवली नाही. "ह्यायले सांगतलं का तुमी?"

"नाही."

तिनं दोर तीनदा ओढला. सावकाश, एकेक श्वास सोडून. वरची आरी थांबली. तो उतरायला लागला, आणि तो खाली पोचेपर्यंत मी काय काय कबूल केलं, कोणकोणत्या देवांना काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. बाईच्या मानेची शीर तेवढी उडताना दिसत होती.

जमिनीला पाय लागल्यावर तिनंच त्याला सांगितलं. त्यानं शिडी लावली, कुऱ्हाडीनं सालीची कड उडवली आणि सिमेंटचा गोळा उपसून काढला. मग आत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंड गेला. बाहेर आला तेव्हा हात काळ्या ओल्या भुग्यानं माखला होता. तो हाताकडे पाहत राहिला.

"मी ठोकून पाह्यलं, तवा तुमी इथंच उभे होते नं, बाबूजी?"

"हौ," मी म्हटलं.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं हात धुतला आणि पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. मी म्हटलं, राहू द्या, जा तुम्ही, जे व्हायचं ते होईल. यावर तो नाही म्हणाला. आता बेचकं उघडलं आहे. पुढच्या वादळात फांदी म्हातारीच्या खोलीवर जाईल. या वेळी त्यानं दोर रस्त्याकडच्या फांदीवरून टाकला, गाठ तीनदा तपासली, आणि चढायला निघाला.

बाईनं कडुनिंबाला वेढा दिला आणि दोराचं मोकळं टोक माझ्यापुढे केलं. "मांगून तुमी धरा. वर पाहू नोका."

मी दोर धरला. त्या तासाभरात मी फक्त तिच्या पाठीवरचं घामानं भिजलेलं लुगडं पाहिलं. पण वरचा माणूस माझ्या हातात होता. आरी फिरली की दोर बारीक थरथरायचा, तो सरकला की जड व्हायचा, थांबला की शांत. कापलेले तुकडे तो दुसऱ्या दोरानं बांधून टिनांच्या पलीकडे एकेक सोडत होता. मी मोजत नव्हतो.

अर्धी फांदी उतरली असेल, तेव्हा बेचकं बोललं. कडकन नाही, ओलं कापड फाटावं तसा आवाज. दोराला असा हिसका बसला की बाई माझ्यावर आदळली. आम्ही दोघंही मागे रेललो. तळव्यांची साल निघाली ते मला नंतर दिसलं. उरलेली फांदी टिनांच्या कडेवर टेकली, दोन टिनं वाकली. आणि दोराच्या टोकाला वजन तसंच होतं. जिवंत वजन, हलणारं. तो रस्त्याकडच्या फांदीला मिठी मारून लटकला होता, हे बाईनं मला वर न पाहताच सांगितलं. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो.

टेकलेली फांदी त्यानं तुकडे करून उतरवली, आणि संध्याकाळी आईला तिच्या खोलीत परत नेलं. वाकलेल्या टिनांखाली पडल्या पडल्या तिनं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच मला भित्रा म्हणाली नाही. म्हणाली असती तर खोटं नव्हतं. गप्प बसलो तो भीतीनं, बोललो तोही भीतीनंच. हिंमत मध्ये कुठंच आली नाही.

आई आता नाही. जांभूळ आहे, एका फांदीचं. ते दोघं दरवर्षी मृगाआधी येतात. तो अजूनही खोड ठोकतो, पण ठोकून झाल्यावर कुऱ्हाड खाली ठेवतो आणि माझ्याकडे पाहतो. मी सगळं सांगतो: कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेला खिळा, मागच्या पावसात वाळलेली डहाळी, बुडाशी दिसलेली वाळवी, क्षुल्लकातलं क्षुल्लक.

"अजून काही, बाबूजी?" तो विचारतो.

"नाही," मी म्हणतो.

मग तो चढतो. बाई दोराचं टोक माझ्या हातात देते, आणि तो उतरेपर्यंत मी तिच्यामागे उभा राहून आठवत राहतो, काही सांगायचं राहिलं तर नाही ना.