मोजणीवाल्या बाया

माझ्या मुलाने पुण्यात दोन जाड टायरच्या सायकली घेतल्या, एक स्वतःला, एक बायकोला. ग्रॅव्हल बाइक म्हणतात त्यांना. डांबर सोडायचं आणि मुरमाच्या वाटांनी नदीकाठाने, डोंगरातल्या झाडीतून हिंडायचं. पुण्याची माणसं त्यासाठी गाडीच्या टपावर सायकल बांधून मुरूम शोधत लांब लांब जातात. आमच्या जालना जिल्ह्यात मुरूम शोधावा लागत नाही, शोधायचं असेल तर डांबर शोधावं. दोघांची हौस चार रविवारांत फिटली आणि सायकली जालन्याला आमच्या जिन्याखाली येऊन पडल्या.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. हुकूम सोडायची सवय अंगात मुरलेली आणि समोर वर्ग नाही. म्हणून धाकट्या जावेला फर्मान काढलं, दुसरी सायकल तुझी. तिने आधी नाक मुरडलं, मग एक दिवस गुपचूप अंगणात चालवून पाहिली आणि तुळशीला धडकली. त्यानंतर मात्र तिला घरात धरून ठेवणं कठीण झालं. पंजाबी ड्रेस, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, मुलाने पाठवलेली नारंगी चकाकती जाकिटं आणि हेल्मेट अशा थाटात आम्ही दुधना नदीच्या काठाने फिरू लागलो. गल्लीत आमचं जे हसू व्हायचं ते झालं. आम्ही दोघीही कोडग्या.

जावेला एकच गोष्ट सलत होती. तिचं माहेर राजूरच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या पायथ्याशी. तिथे ती काही वर्षं गेली नव्हती. कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. भावाच्या मुलीच्या लग्नात माझ्या दिराला मानाचा फेटा बांधायचा राहिला. फेटेवाल्याला कोणीतरी मध्येच ओढून नेलं, बस. दीर न जेवता निघाले. खरं म्हणजे फेट्याने त्यांचं डोकं खाजतं, आणि त्या दिवशी राजूरच्या चौकात त्यांनी पोटभर भजी खाल्ली होती. पण एकदा रुसून बसल्यावर उठायचं कसं, हे आमच्या घराण्यात कोणालाच येत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून आला नाही. म्हणजे बहिणीला न्यायला आला नाही. आमच्याकडे न्यायला आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, मग केस पिकलेले का असेनात. पुढच्या दिवाळीलाही आला नाही. "मला काय करायचंय," असं जाऊ म्हणायची. पण दिवाळी सरली की तिला फाटकाजवळच सारखं काहीतरी झाडायचं असायचं. ते बघून माझं काळीज तुटायचं आणि त्या भावाचा भयंकर राग यायचा.

तर मी एक बेत केला. मोबाइलवर नकाशा काढून पूर्णेच्या खोऱ्यातली एक वाट आखली. राजूरला गणपतीचं दर्शन, मग शेतांमधल्या पांदीने नदीपर्यंत, नदी ओलांडून साग-पळसाच्या टेकडीवर, तिथून खाली. ही 'खाली'ची रेघ बरोब्बर तिच्या भावाच्या बांधावरून जात होती. जावेला मी हे सांगितलं नाही; टेकडीच्या त्या अंगाने ती कधी आलेली नव्हती. घरात आम्ही "राजूरला जातो" एवढंच सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. राजूरपर्यंत सायकली भाजीच्या टेम्पोत टाकल्या होत्या, हे आता सांगून टाकते.

वाट फार सुंदर निघाली. नदीला घोटाभर पाणी होतं. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही दगडांवरून डुलत पलीकडे गेलो. टेकडीवर सागाची वाळकी पानं टायरखाली अशी कडाडत होती की माझी जाऊ मुद्दाम त्यांच्याच ढिगांतून सायकल घालत होती. उतारावर तिने दोन्ही पाय वर उचलले आणि ओरडली. पन्नाशीच्या बाईला असं ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

खाली उतरलो तर कापूस वेचणाऱ्या बायका थांबून आमच्याकडे बघू लागल्या. नकाशाला रेंज मिळेना म्हणून मी मोबाइल उंच धरून चारी दिशांना फिरवत होते. त्या भागातून नवा रस्ता जाणार की रेल्वे, याची बोलणी पारावर रोज चालायची. नारंगी जाकीट, हेल्मेट आणि उंच धरलेला मोबाइल, म्हणजे मोजणीवाल्या बायाच. एक म्हातारेबुवा धोतर सावरत धावतच आले.

"मॅडम, आमच्या रानातून काय नेता रस्ता? समदा खडक हाय," ते म्हणाले. "त्यो शेजाऱ्याचा तुकडा बघा, बिलकुल सपाट. तिकून न्या."

"बघू," मी म्हणाले. वर्गात गोंगाट झाला की वापरायचे तोच आवाज लावला. खरं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण एवढी मजा पुन्हा कुठे मिळणार? म्हातारेबुवांनी लगेच कोणाला तरी फोन लावला.

एवढ्यात जाऊ माझी बाही ओढू लागली. "ताई, हा आमचा ओढा हाय. ती आमची विहीर. कुठं आणलं मला?"

"वाट इकडूनच जाते," मी म्हणाले.

"मी न्हाई येत. न्यायला आल्याबिगर मी पायरी चढणार न्हाई."

"पायरी कुठंय? नुसता बांध तर आहे."

तिने सायकल वळवली, पण उशीर झाला होता. तुरीतून एक माणूस हातात काठी घेऊन तणतणत येत होता. बनियन, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. तिचा भाऊ. स्कार्फ आणि गॉगलच्या आड त्याला दोघींपैकी एकही ओळखू येणं शक्य नव्हतं.

"कोन व्हय तुमी? कोनाला इचारून मोजून राह्यले?" तो गरजला. "हितं एक खुटी ठोकू देनार न्हाई!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊच पुढे झाली. आवाज जाड करून तिने विचारलं, "या रानाला वारस किती?"

आता हा काय म्हणणार यावर सगळं होतं, आणि ते तिलाही कळत होतं.

"दोगं," तो म्हणाला. "मी अन् माझी बहीन. बराबरीची वारस हाय ती. ती आल्याबिगर ह्या रानाला कोनी हात लावायचा न्हाई."

"मंग बोलवा तिला."

"ती येत न्हाई."

"आणायला कोणी गेल्तं का?"

तो काठीचं टोक ढेकळात रुतवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "न्हाई. कोनत्या तोंडानं जावं?"

जावेने गॉगल काढला, स्कार्फ खाली ओढला. तो बघतच राहिला. पुढे येईल असं मला वाटलं, पण गडी वळला आणि आला तसा तुरीत शिरून दिसेनासा झाला.

"गेला," जाऊ म्हणाली आणि बांधावर मटकन बसली. मला माझ्या आगाऊपणाचा असा संताप आला की काय सांगू. कशाला नाक खुपसलं मी? तिला फाटकाशी झाडत बसू दिलं असतं तर निदान आशा तरी राहिली असती. मी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तिने ती घेतली नाही.

मग गाडीवाटेने मोटारसायकलचा आवाज आला. तोच होता. पण आता अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, तोंडही धुतलेलं. बहिणीकडे न बघता तो तिच्या पुढून गेला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. मुराळ्याने सासरच्या थोरल्या माणसाची परवानगी घ्यायची असते, आणि त्या बांधावर सासर म्हणजे मी एकटीच होते.

"ताई, यायला उशीर झाला," तो म्हणाला. "अक्काला चार दिवस माहेरी न्यावं म्हन्तो. तुमी हो म्हनलं तर."

आयुष्यभर मी पोरांना वर्गाबाहेर जायची परवानगी देत आले, पण अशी परवानगी कधी कोणी मागितली नव्हती. त्याला चांगलं खडसावायचं मी घरून ठरवून आले होते. पण "न्या," एवढंच म्हणाले.

"नेसायला काही आणलं न्हाई मी," जाऊ डोळे पुसत म्हणाली.

"हायेत घरी. दर दिवाळीला एक लुगडं घेतच व्हतो," तो म्हणाला. मग पहिल्यांदा तिच्याकडे बघून चिडूनच बोलला, "मी न्यायला आलो न्हाई, बराबर हाय. पर अक्का, तू बी एकदा भांडाया आली न्हाईस."