जाऊबाईंच्या अंगात आलं

माझ्या मोठ्या जाऊबाई डोळखांबकडच्या पाड्यावर राहतात. त्यांचा मुलगा परदेशात इमारतीच्या कामावर गेला आणि तिथं युद्ध पेटलं. एकदा आईशी बोलता बोलताच भोंगा वाजला, धावपळ ऐकू आली आणि फोन बंद पडला. तो सुखरूप होता, पण तेव्हापासून फोन वाजला की जाऊबाई उठून परसात जायच्या.

"आई रागावलीय का गं, काकी?" तो मला विचारायचा.

युद्धात अडकलेल्यांच्या घरच्यांना व्हिडिओ कॉलवर मानसिक आधार देतात, असं मला कळलं. मी वेळ ठरवली आणि शहापूरहून एसटीने पाडा गाठला. त्यांच्या फोनला त्या हात लावणार नव्हत्याच. माझाच फोन ओटीवर सुपाला टेकवून ठेवला.

समुपदेशक मुलगी होती. "मावशी, डोळे मिटा. खोल श्वास घ्या. सोडा."

जाऊबाईंचं काम अर्धवट नसतं. मांडी ठोकून त्या हूं हूं करत घुमायलाच लागल्या. अंगणातून शेजारीण चालली होती. तिला फोन काही दिसला नाही. ती धावत जाऊन हळदकुंकू घेऊन आली, तिने ते त्यांच्या कपाळाला लावलं आणि हात जोडले.

"माउली, माझी म्हस औंदा गाभण राहील का नाय?"

जाऊबाईंनी एक डोळा उघडला. "मला काय इचारतेस गो? रेड्याला इचार!"

फोनमधली मुलगीही हसून लोटपोट झाली. त्या हसण्यातच जाऊबाई बोलून गेल्या, "फोन घेतला का तो भोंगा परत वाजंल, असं वाटतं."

मुलीने ते बरोबर पकडलं आणि सराव ठरवून दिला. शेजारणीला जवळ बसवून आधी फोन नुसता वाजू द्यायचा, मग हातात धरायचा, मग माझ्याशी बोलायचं. मी शहापूरहून रिंग देत राहिले. असं काही आठवडे चाललं.

एके दिवशी मी पाड्यावर असतानाच मुलाचा फोन आला. जाऊबाई परसाकडे वळल्या, थांबल्या, परत आल्या आणि त्यांनी फोन उचलला.

"आई?"

"आई नाय. अंगात आलंय माझ्या. काय इचारायचं ते इचार."

हळदकुंकवाचा किस्सा मी त्याला सांगितलाच होता. तो म्हणाला, "माउली, माझी आई आता रोज फोन घेईल का?"

"घेईल. तू वाजव तर खरा!"